कैवार



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विषय बोलले गेले. इतिहास झाला, अर्थकारण झाले, अध्यात्मही झाले. त्या मानाने आमचा आजचा विषय लहान आहे. इतका लहान की तो एका खुर्चीवर मावावा. शाळेच्या कचेरीत मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांतील एकीवर एक आई बसलेली असते. तिचे मूल चार मुलांसारखे नाही. कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे हातपाय ताब्यात राहत नाहीत, कोणाला अक्षरे लागत नाहीत, कोणी समोरच्या माणसाच्या नजरेला नजर देत नाही. टेबलापलीकडे मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, संस्थेचे चिटणीस अशी तीन-चार माणसे असतात. त्यांना नियम ठाऊक असतात, निदान ठाऊक असल्यासारखे ते बोलतात. आईला ठाऊक असते ते फक्त आपले मूल. आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसणे हे आमचे काम.

या कामाला नाव काय द्यावे, हा प्रश्नच आहे. अमेरिकेत अशा माणसाला अ‍ॅडव्होकेट म्हणतात. आपल्याकडे तो शब्द कानी पडताच काळा कोट आणि कोर्टाची पायरी डोळ्यांपुढे येते, आणि शाळेचे लोक सावध होऊन बसतात. आमच्यात वकील असा कोणी नाही. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक बँकेतून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि ज्यांनी स्वतः हे भोगले आहे अशा दोन माता आहेत. मराठीत यासाठी एक जुना शब्द आहे, तो आम्हांला आवडतो : कैवार. कैवार घेणे म्हणजे दुसऱ्याची बाजू आपली मानून त्याच्या शेजारी उभे राहणे. मात्र आम्ही त्याला एक अट जोडली आहे. कैवार आपण घ्यावयाचा, पण बोलावयाचे ते ज्याचे त्याने. आज जे काही सांगावयाचे आहे, ते या एका अटीभोवतीच फिरणारे आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. अशा मुलांच्या शिक्षणाची आपल्याकडील वाटचाल पाहिली, तर तिच्या आरंभी पुष्कळदा एखादी आईच उभी असलेली दिसते. १९४४ साली मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी आपल्या घरीच वर्ग सुरू केला. त्यातून पुढे त्यांच्याच नावाची शाळा उभी राहिली. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था होती. तिच्यासारख्या मुलांसाठी मिठूबाईंनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. याच मालिनी चिब यांनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले, ते एका बोटाने टंकलेखन करून. अशा माता वंदनीय आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचे गुणगान करताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. आपल्या मुलाला शाळा मिळावी म्हणून प्रत्येक आईने शाळाच काढावी, असे म्हणता येईल काय? जी बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, जिचा नवरा हमालीला जातो, तिच्या मुलानेही शिकावयाचे आहे. तिला संस्था काढता येणार नाही. तिला एक अर्ज लिहिता आला, आणि तो देताना शेजारी कोणी असले, तर तेवढ्याने काम व्हावे, अशी व्यवस्था पाहिजे.

ही व्यवस्था कशी असू शकते, हे पाहण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे वळू. तेथील पेनसिल्व्हेनिया राज्यात पूर्वी असा कायदा होता की, ज्या मुलाचे बौद्धिक वय पाच वर्षांचे झालेले नाही, त्याला पहिलीत घेण्यास शाळा नकार देऊ शकत असे. १९७१ साली पालकांच्या एका संघटनेने याविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील टॉमस गिलहूल यांचा स्वतःचा भाऊ बौद्धिक अक्षमता असलेला होता. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांतून वगळू नये असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. मग आमच्याच मुलांना का वगळता, असा त्यांचा साधा प्रश्न होता. अखेर राज्याने तडजोड केली आणि शाळांची दारे उघडली. त्यानंतर १९७५ साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला. प्रत्येक अपंग मुलासाठी त्याच्यापुरता लेखी शिक्षण-आराखडा करावा, तो पालकांना बरोबर बसवून करावा, आणि वाद सुनावणीपर्यंत गेलाच तर वकिलाखेरीज अशा मुलांच्या प्रश्नांची विशेष जाण असलेली व्यक्ती पालकांना सोबत आणता यावी, असे त्या कायद्यात लिहिले गेले. म्हणजे ती शेजारची खुर्ची कायद्यानेच मांडून ठेवली. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. २००६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, पालक खटला जिंकले तरी त्यांनी आणलेल्या तज्ज्ञाचा खर्च शाळेकडून वसूल करता येणार नाही. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा त्याच्या शेजारी तज्ज्ञ, अशी स्थिती उरतेच. तरी पण खुर्ची मांडलेली आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे कायदे नाहीत असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. १९९५ साली पहिला अपंग व्यक्ती कायदा झाला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा त्यातील वंचित गटात समावेश झाला. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले असून स्वमग्नता आणि अक्षरे न लागण्याची विशिष्ट अध्ययन अक्षमता हेही त्यांत आहेत. ज्या मुलाचे अपंगत्व प्रमाणपत्राप्रमाणे ४० टक्के वा अधिक आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'पसंतीच्या' हा शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. पसंती मुलाची व त्याच्या घराची, शाळेची नव्हे. त्याचप्रमाणे तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्यायही दिलेला आहे. पण तो पर्याय आहे, हद्दपारी नव्हे. "तुमच्या मुलाला घरीच शिकवा, तशी सोय आहे" असे जेव्हा शाळा सांगते, तेव्हा पालकाच्या हाती दिलेली किल्ली शाळा आपल्याच खिशात घालीत असते.

एवढे असून मुले घरी का बसतात? कारण कायदा पुस्तकात असतो, आणि आई असते कचेरीच्या बाहेरच्या बाकावर. या दोहोंमधले अंतर कापावयाचे कोणी? आपल्या कायद्याने पालकाला हक्क दिला, पण त्याच्यासाठी शेजारची खुर्ची मांडली नाही. ती आपण नागरिकांनी मांडावयाची आहे.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो. त्यात गूढ असे काही नाही. पहिले काम ऐकण्याचे. आई येते ती प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन. तिच्यात दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, जुनी प्रगतिपुस्तके, अर्धवट भरलेले फॉर्म, सारे एकत्र कोंबलेले असते. त्या पिशवीला आम्ही पहिल्या दिवशी हात लावीत नाही. आम्ही विचारतो, मूल काय करते? काय करीत नाही हे तिला शंभर जणांनी विचारलेले असते. काय करते हे विचारणारा बहुधा प्रथमच भेटलेला असतो. ती थांबते, आठवते आणि मग सांगू लागते. गाणे एकदा ऐकले की म्हणतो. भाजीचा हिशेब तोंडी करतो. धाकट्याला सांभाळतो. हे सारे आम्ही लिहून घेतो, कारण पुढे शाळेत ज्याच्या आधाराने बोलावयाचे तो भाग हाच.

दुसरे काम कागदांचे. पिशवीतील कागद तारखेप्रमाणे लावून त्यांची एक फाइल करावयाची. प्रमाणपत्र नसेल तर शासकीय रुग्णालयातील मंडळाकडे त्यांच्या ठरलेल्या वारी जावयाचे. मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवावयाचा नाही, छायाप्रत द्यावयाची. आणि सर्वांत मोठा नियम असा की, तोंडी काही मागावयाचे नाही. अर्ज लिहावयाचा, दोन प्रती करावयाच्या, एक देऊन दुसरीवर तारीख, सही व आवक क्रमांकासह पोच घ्यावयाची. तुम्ही हसाल, पण या पोचेत मोठी शक्ती आहे. तोंडी नकार देणे माणसाला फार सोपे असते. तोच नकार कागदावर स्वतःच्या सहीने लिहावयाची वेळ आली, की पुष्कळ माणसे विचार करू लागतात. आणि विचार करू लागलेला माणूस अर्धा आपल्या बाजूला आलेला असतो.

तिसरे काम नेमके मागण्याचे. "माझ्या मुलाकडे लक्ष द्या" ही मागणी नव्हे, तो आर्जव झाला. एक उदाहरण देतो. एका गावी सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी सहावीपर्यंत व्यवस्थित शिकली. सातवीचा वर्ग होता पहिल्या मजल्यावर. मुलीला जिना चढता येईना. शाळेने दाखला काढून नेण्यास सुचविले. आम्ही आईबरोबर गेलो तेव्हा पहिलेच वाक्य ऐकू आले, "अहो बाई, लिफ्ट कुठून आणायची आम्ही?" लिफ्ट कोणी मागितलीच नव्हती. आईने अर्ज पुढे केला. त्यात एकच ओळीची मागणी होती : सातवीचा वर्ग खाली आणावा व खालचा एक वर्ग वर न्यावा. दोन महिने लागले, तीन अर्ज लागले. पण अखेर एका शनिवारी वरच्या वर्गातील मुलांनीच बाके खाली आणली. खर्च काही आला नाही. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. तिचा अर्थ एवढाच की, मुलाला बदलता येत नसेल तर बाकाची जागा बदलावी.

दुसरा एक मुलगा आठवतो. बोलण्यात तरबेज, पण वाचावयास दिले की घाम फुटे. आळशी म्हणून शाळेत मार, शाळेतून तक्रार आली म्हणून घरी मार. तपासणी झाली, अध्ययन अक्षमता निघाली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा वडील कितीतरी वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "उगाच मारलं हो मी याला." त्या मुलाला शालान्त परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळावयाचा होता. तो मिळालाही, पण त्यासाठीची धावपळ आम्ही नववीतच सुरू केली होती. पुष्कळ पालक परीक्षेच्या तोंडावर येतात, आणि तेव्हा हक्क असूनही हाती काही लागत नाही. येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. लेखनिकासारखी सोय ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असणाऱ्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात २०२१ साली स्पष्ट केले आहे. टक्का कमी पडला म्हणून कोणी हात हलवीत परत येऊ नये.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, ही मंडळी नेहमी जिंकतच आली असावीत. तसे नाही. आमची एक चूक सांगितल्याखेरीज हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. सुरुवातीच्या काळात एका स्वमग्न मुलाला एका शाळेने प्रवेश नाकारला. आमच्या अंगात तेव्हा कायदा भिनलेला होता. आम्ही शाळेशी दोन शब्दही न बोलता थेट वरच्या कचेरीत तक्रार केली. कलमे लावली, स्मरणपत्रे धाडली. आदेश निघाला, प्रवेश मिळाला, आम्ही पेढे वाटले. मुलगा शाळेत गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्याला कोणी रागावले नाही, कोणी मारले नाही. त्याच्याशी कोणी बोललेच नाही. सात महिन्यांनी आईने त्याचे नाव स्वतःच काढून घेतले. आम्ही तिला विचारावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जिंकलात, दादा. पण रोज तिथं बसायचं होतं ते त्याला."

त्या दिवसापासून आम्ही आमची रीत बदलली. ती लढाई आम्ही आमची केली होती. आईला आम्ही बोलूच दिले नव्हते, आणि शिक्षिकेला तर आम्ही शत्रुपक्षात ढकलून मोकळे झालो होतो. आता आम्ही पहिल्या भेटीत कायद्याचे नाव काढीत नाही. आई बोलते, आम्ही टिपण ठेवतो. ती अडखळली तर तिला आठवण करून देतो. शिक्षिकेला विचारतो, "बाई, तुम्हांला काय मदत हवी?" कायदा खिशात असावा, पण तो शेवटी निघावा. कधी काढावाच लागतो. तेव्हा गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, आणि अखेर पुण्यास दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय, अशी पायऱ्यांची वाट आहे. ती चढण्यास आम्ही कचरत नाही. पण पहिली पायरी चुकवून चौथीवर उडी मारीत नाही.

शिक्षकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. वर्गात पन्नास मुले, त्यांत माहिती भरण्याची कामे, आणि त्यांत हे एक वेगळे मूल. आम्ही काय काय करावे, असे ते विचारतात, आणि ते खोटे नाही. यावर उत्तर शिक्षकाला धारेवर धरणे हे नव्हे. अशा मुलांसाठी प्राथमिक वर्गांत दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण २०२१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे यांच्या याचिकेत घालून दिले आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. तेव्हा पालकाने आणि शिक्षकाने एकमेकांशी भांडत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून विशेष शिक्षक मागावा, साधने मागावीत. ज्या शाळेत आईच्या अर्जाखाली वर्गशिक्षिकेने आपलीही सही केली, तेथे कामे लवकर झाली, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप इतर पालकांचा असतो. अशा मुलामुळे आमच्या मुलांचे नुकसान होते, असे ते म्हणतात. हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही त्या सातवीच्या वर्गात नेऊ इच्छितो. आपल्या वर्गातील एक मुलगी वर येऊ शकत नाही म्हणून ज्या मुलांनी बाके उचलून खाली आणली, त्यांचे त्या शनिवारी काय नुकसान झाले? नागरिकशास्त्राचा जो धडा त्यांना पुस्तकातून एरवी घोकावा लागला असता, तो ती मुले खांद्यावरून वाहून घेऊन आली.

श्रोतेहो, आता शेवटचा मुद्दा. या कामाचे यश कशात? किती प्रवेश मिळाले, किती आदेश काढले, यात नाही. ज्या दिवशी आई म्हणते, "उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी एकटी जाईन," त्या दिवशी आमचे काम झाले. आणि त्याहून पुढचा दिवस म्हणजे ती स्वतः दुसऱ्या कोणाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसते तो. जिना न चढणाऱ्या त्या मुलीची आई आज आमच्याबरोबर काम करते. मघाशी ज्या दोन मातांचा उल्लेख केला, त्यांतील ती एक. अर्ज कसा लिहावा हे ती आता आम्हांला शिकवते.

आपण येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी असे मूल नसेल. तरी दोन गोष्टी आपणांला सहज करता येतील. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावयाचे, आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावयाची. अपंग मुले या गटात मोडतात. आपल्या गल्लीतील शाळेच्या समितीवर अशा मुलाचा एक तरी पालक आहे काय, हे आपण उद्या जाऊन विचारा. हा प्रश्न नुसता विचारला गेला तरी त्या शाळेत काही हालचाल होईल.

आणि दुसरी गोष्ट याहून सोपी. आपल्या शेजारी, आपल्या वाड्यात, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी असे एखादे मूल असेल, तर तिला सल्ला देऊ नका. सल्ले तिला पुष्कळ मिळालेले आहेत. तिला विचारा, "शाळेत कधी जायचे आहे? मी येऊ का बरोबर?" जाऊन काही बोलावे लागेल असे नाही. पोच घ्यावयाची आठवण ठेवली, तरी पुरे.